फुलांच्या पोत्यावरचा कोंबडा

बीच फोर्क, इंडियाना
सोमवार, ३० ऑगस्ट १९५४

डेल्मर बाळा,

दचकू नकोस, मी लिहायला शिकलेले नाही. अक्षर वर्नाबाई टकेट यांचं आहे. तिसरीत असताना तुझ्या हातावर पट्टी मारणाऱ्या, त्याच. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना चुका काढायला पोरं मिळत नाहीत, म्हणून आता माझ्या तोंडातल्या काढतात. मी सांगते, त्या लिहितात आणि मधेच थांबून म्हणतात, "ऑर्फाबाई, वाक्य पुरं करा." चौऱ्याहत्तर वर्षं मी अर्धी वाक्यं बोलत आले, तरी कुणाचं काही अडलं नाही.

पत्ता कसा मिळाला ते आधी सांगते. गेल्या मंगळवारी हॉफरच्या कोंबडीखाद्याच्या मिलवर अंडी घेऊन गेले होते. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ऑर्फा, तुझ्या नातवाचा तपास लागला. टोलेडोच्या काच कारखान्यातून पत्र आलंय."

"मेला की काय?" मी विचारलं. चार वर्षांनी पत्र आल्यावर माणूस दुसरं काय विचारणार.

"मरतोय कशाला. त्याला तपासनीस करतायत. कुठली काच चालेल, कुठली मोडायची, हे तो ठरवणार. म्हणून विचारतात, आधी तुमच्याकडे होता, माणूस सचोटीचा आहे का."

"मग लिही की आहे म्हणून."

हॉफरनं पत्राची घडी घातली आणि तराजूच्या मोठ्या वजनाखाली सरकवली. "मला खोटं लिहायची सवय नाही," म्हणाला. "खरं लिहिलं तर त्याची जागा जाईल. एक नोव्हेंबरपर्यंत उत्तर हवंय त्यांना. तोवर बघू."

त्या वजनाखालून तुझ्या पत्त्याचं टोक दिसत होतं. मला वाचता येत नाही हे हॉफरला ठाऊक आहे, म्हणून त्यानं ते झाकलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्नाबाईंना खाद्य घ्यायला सोबत नेलं. त्यांच्याकडे एकही कोंबडी नाही.

आता बाई म्हणतात, काय झालं होतं ते पत्रात सरळ मांडा, उद्या कुणाच्या हाती पडलं तर कळायला हवं. तुला काय सांगायचं, तुझ्यावरच तर बेतलं. पण लेखणी त्यांच्या हातात आहे.

तर १९५० साल. राष्ट्राध्यक्ष निवडायचा नव्हता, मधली निवडणूक होती. राष्ट्राध्यक्ष डेमोक्रॅट, आपला खासदार लायल प्रॅथरही डेमोक्रॅट. मिलच्या बाकावरचे सगळे म्हातारे ठाम होते: राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाला मधल्या निवडणुकीत मार बसतोच, प्रॅथर पडणार. तू मिलमध्ये कारकून, सव्वीस वर्षांचा. म्हणालास, माणसं तोंडानं काहीही सांगतील, आपण पोत्यांना विचारू. खाद्य एकच, किंमत एकच, फक्त पोत्यावर कागदी पट्टी वेगळी. एकावर कोंबडा, एकावर गरुड. मतदानाच्या यंत्रावर डेमोक्रॅटांसाठी कोंबडा असतो आणि रिपब्लिकनांसाठी गरुड, माझ्यासारख्या निरक्षरांची सोय. ज्यानं त्यानं आपल्या मनातलं पोतं उचलावं. दर शनिवारी तू बाहेरच्या फळ्यावर खडूनं आकडा लिहायचास. सहा आठवडे कोंबडा पुढे, शंभरातली त्रेसष्ट पोती. शहरातलं वर्तमानपत्र आलं, तुझा फोटो निघाला, आणि तू सहीनिशी लिहून दिलंस की प्रॅथर चार हजारांनी निवडून येईल.

अकराशेनं पडला.

मग लोक म्हणायला लागले, डेल्मरला गरुडवाल्यांनी विकत घेतलं. खोटा आकडा दाखवून प्रॅथरला गाफील ठेवलं. हॉफरचाही तोच समज आहे. म्हणून ते पत्र वजनाखाली पडलंय.

मी हॉफरला समजावीन. माझ्या अंड्यांशिवाय त्याचा नाश्ता होत नाही.

खाली फुली आहे ती माझी. बाई म्हणतात, वाकडी आली. फुली वाकडीच असते.

×

बीच फोर्क
रविवार, १९ सप्टेंबर १९५४

डेल्मर,

तुझं उत्तर नाही. टोलेडोत टपाल पोहोचत नसेल, असं मी वर्नाबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती तुला तिसरीपासून माहीत आहे.

इथं बाकावर पुन्हा अंदाज सुरू झालेत. या वेळी राष्ट्राध्यक्ष गरुडाचा, म्हणून म्हातारे आता कोंबडा वर येणार म्हणतात. माणसं तीच, बाक तोच, फक्त तोंडातला पक्षी बदलला. कुणीतरी म्हणालं, "हॉफर, पुन्हा पोती मांड की." हॉफर म्हणाला, "पोती आता कागदाची येतात. आणि मांडायला आहे कोण? होता तो विकला गेला."

मी तिथंच होते. अंड्यांची टोपली हातात होती. मी म्हणाले, "हॉफर, तो पोरगा माझ्या मांडीवर वाढलाय. त्याची आई गेली तेव्हा अडीच वर्षांचा होता. त्यानं कधी साखरेचा खडासुद्धा चोरला नाही."

"कबूल," हॉफर म्हणाला. "मग मला एवढंच सांग ऑर्फा, आकडा चुकला कसा? पोती मी स्वतः मोजायचो त्याच्याबरोबर. चुकीची मोजली नाहीत. गिऱ्हाईक माझ्या कानांनी ऐकलंय मी, 'कोंबड्याचं द्या' म्हणताना. म्हणजे एकतर माणसं खोटं बोलली, नाहीतर डेल्मरनं आपली माणसं पाठवून पोती उचलायला लावली. अख्खं गाव खोटं बोलत नाही. दुसरं काही कारण असेल तर सांग, मी आत्ता लिहितो पत्र."

आणि मी, जिला आयुष्यात कुणी गप्प करू शकलं नाही, टोपली खाली ठेवली आणि म्हणाले, "यात एक तडकलेलं आहे, ते मोजू नकोस."

आणि घरी आले.

कारण आहे, डेल्मर. मला ठाऊक आहे ते. तू इथं माझ्या पायरीवर बसला असतास तर सांगितलं असतं. माझा हात लिहिता असता तरी लिहिलं असतं. पण मला जे तुला सांगायचंय ते आधी वर्नाबाईंना सांगावं लागतं, आणि वर्नाबाई रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसतात.

(ऑर्फाबाई खिडकीशी जाऊन उभ्या आहेत. मी चहा टाकते. – व. टकेट)

चहा झाला. थोडंसं सांगते.

खाद्याची पोती तेव्हा छापील सुती कापडाची यायची, हे तुला आठवत असेल. आठवत नसेलही, तू पुरुष. तीन पोत्यांत एक झगा, दोनांत खिडकीचे पडदे, उरलेलं माझ्या गोधडीला. कागदी पट्टी पाण्यात बुडवली की सुटते. त्या सालच्या दोन गठ्ठ्यांपैकी एक होता निळ्या फुलांचा. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं निळं, आणि त्यावर बारीक पांढरी फुलं. दुसरा तपकिरी चौकड्यांचा. घोड्याच्या पाठीवर टाकायलासुद्धा घोड्याला विचारावं लागलं असतं.

तू दोन्हीचे तुकडे घेऊन माझ्याकडे आलास. "आजी, कुठल्यावर काय चिकटवू? काही फरक पडत नाही, पण एकदा ठरलं पाहिजे."

मी म्हणाले, "फुलांवर कोंबडा. गरुडाला तपकिरीच शोभतं." आणि हसले. तूही हसलास.

तेव्हा मी फक्त गंमत केली होती. तेवढं तरी मान.

आज एवढंच. बाईंचा हात दुखतो म्हणतात. 

×

बीच फोर्क
सोमवार, ११ ऑक्टोबर १९५४

डेल्मर,

आज सगळं सांगते. वर्नाबाईंना मी म्हटलंय, मी संपवेपर्यंत मान वर करायची नाही.

तुझे फळ्यावरचे आकडे सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आमचं गोधडीचं बसणं होतं. दहाबारा बायका, चर्चच्या तळघरात, सांगाड्यावर गोधडी ताणलेली, भोवती आम्ही. सुया चालल्या की तोंडं चालतात. ओपल ग्रिग्जबीनं थैलीतून निळ्या फुलांचं कापड काढलं. ओपलचा नवरा रिपब्लिकनांचा तालुक्याचा खजिनदार. मी म्हणाले, "काय गं, कोंबड्याचं खाद्य तुझ्या घरी?"

ती म्हणाली, "आजी, मी ह्यांच्या टोपीत कापडाचा तुकडा खोचून देते आणि सांगते, याच्याशी जुळणारं आणा, नाहीतर अर्धा झगा घालून फिरेन. चार बाप्यांसमोर 'फुलाफुलांचं द्या' कसं म्हणतील हे? लाज वाटते. मग 'कोंबड्याचं द्या' म्हणतात."

सगळ्या हसल्या. मग एकेकीनं सांगितलं. सगळ्यांचं तेच. टोपीत तुकडा, खिशात तुकडा, एकीनं तर नवऱ्याच्या अस्तनीला टाचला होता. आणि काउंटरवर पुरुष एकेक करून मान खाली घालून म्हणायचे, कोंबड्याचं. हॉफर ऐकायचा, तू खडू घ्यायचास.

हे मला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कळलं. निवडणूक नोव्हेंबरच्या सात तारखेला होती.

मी तुला सांगितलं नाही. पहिल्यांदा वाटलं, मजा आहे, पुढच्या शनिवारी सांगू. पुढच्या शनिवारी वर्तमानपत्रवाला आला आणि तुझा फोटो काढला. तू केस पाण्यानं बसवले होतेस. मी म्हटलं, आता नको, फोटो छापून येऊ दे. तो छापून आला. मग हॉफरनं तुला मिलचा व्यवस्थापक करायचं बोलायला सुरुवात केली.

आता ती गोष्ट, जी मी अजून कुणालाही सांगितलेली नाही. बाई, लिहा.

अठ्ठावीस ऑक्टोबर, शनिवार. टळटळीत दुपार. मी पायरीवर घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढत होते. तू आलास, हातात कागद. म्हणालास, "आजी, त्यांना माझ्या सहीनं अंदाज हवाय. प्रॅथरही वाट बघतोय. आकडा बरोबर आहे म्हटलं तर शेवटचे दहा दिवस तो इथं वेळ घालवणार नाही, नदीपलीकडच्या गावांत जाईल. पण मला एक खटकतंय. बाकावरचे सगळे उलटं सांगतात आणि पोती हे सांगतात. तू बायकांत बसतेस. तुला काही वेगळं ऐकू येतंय का? सही करू?"

तुझ्या दुसऱ्या खिशात टोलेडोचं पत्र होतं. तुझ्या मित्रानं काच कारखान्यात बोलावलं होतं. मला वाचता येत नाही, पण खिशाला किती दिवस एकच घडी पडलीय ते दिसतं. अंदाज खरा ठरला तर तू मिलचा व्यवस्थापक. नाही म्हटलं तर टोलेडो.

मी शेंगेवरून नजर काढली नाही. म्हणाले, "कर सही."

तू तिथंच, माझ्या शेजारी, गुडघ्यावर कागद ठेवून सही केलीस. मी शेंगा मोडत राहिले. त्या दिवशी मी शिरा न काढताच शिजवल्या, आणि तू एक शब्द न बोलता चावून खाल्ल्यास.

तुला इथं थांबवायला म्हणून बोलले, आणि त्याच शब्दानं तुला घालवलं. प्रॅथर इथं फिरकलाच नाही. पडला. कोर्टाच्या पायऱ्यांवर, सगळ्या गावासमोर त्यानं तुला विचारलं, "कितीला विकलास मला?" तू घरी आलास. पेटी भरलीस. दारात उभा राहून एकदाच विचारलंस, "आजी, तुला खरंच काही ठाऊक नव्हतं?"

मी म्हणाले, "मला अडाणीला काय कळतंय."

आयुष्यभर मी त्या शब्दाची थट्टा केली होती. त्या दिवशी त्याच्यामागे लपले. तुला कळलं असणार, असं मला वाटतं. नाहीतर चार वर्षं कोण गप्प बसतं.

झालं. आता मान वर करा, बाई.

बाईंनी मान वर केली. चष्मा काढून पुसला. मला वाटलं, उठून जातील. त्या पक्क्या गरुडवाल्या, त्यांच्या वडिलांच्याही आधीपासून. म्हणाल्या, "ऑर्फाबाई, माझ्या स्वयंपाकघरातले पडदे पाहिलेत?"

"चार वर्षं पाहतेय," मी म्हणाले.

"माझ्याकडे कोंबड्या नाहीत. मी दोन पोती घेतली आणि खाद्य ग्रिग्जबींना दिलं." मग चष्मा पुन्हा लावत, "निळा रंग फार चांगला होता हो."

आम्ही दोघी हसलो नाही. आणि मी त्याच पडद्यांखाली बसून तुला पत्रं सांगते.

बाई म्हणतात, हे हॉफरला सांगा. मी म्हणाले, हॉफरला एकट्याला सांगून काय होणार? तुझ्यावर शिंतोडा उडाला तो सगळ्यांसमोर. पण सगळ्यांसमोर म्हटल्यावर माझं पाऊल मागे येतं. लोक मला शहाणी म्हातारी म्हणतात, डेल्मर. माझ्याकडे तेवढीच एक गोष्ट आहे.

एकवीस दिवस उरलेत.

×

बीच फोर्क
रविवार, ३१ ऑक्टोबर १९५४, दुपार

डेल्मर,

आज सकाळी पेटीतून निळ्या फुलांचा झगा काढला. १९५० च्या नोव्हेंबरात शिवून पुरा झाला होता, तू गेलास आणि तो तसाच घडी राहिला. कंबरेत ढगळ झाला. घातला आणि चर्चला गेले.

प्रवचन झाल्यावर पाद्री दर रविवारी विचारतो, कुणाला उठून काही सांगायचंय का. बहुतेक वेळा कुणाची कंबर बरी झालेली असते, कुणी तंबाखू सोडलेली असते. आज तो म्हणाला, "परवा निवडणूक आहे, तेव्हा आज पक्षांबद्दल कुणी बोलू नका."

मी उठले. म्हणाले, "पाद्रीबाबा, मग माझी पंचाईत आहे. मला कोंबड्याबद्दलच बोलायचंय."

लोक हसले. मी बोलायला लागले की लोकांना आधी हसायची सवय आहे. मग मी सांगितलं. गठ्ठे, पट्ट्या, टोपीतले तुकडे, पायरीवरचा तो शनिवार. "कर सही" हे दोन शब्द म्हणताना मला बाकाची पाठ धरावी लागली. हसू कधी थांबलं ते कळलं नाही. शेवटी म्हणाले, "माझ्या नातवाला कुणी विकत घेतलं नाही. त्याला मी फसवलं. पोती खोटं बोलली नाहीत, त्याला कापड वाचता येत नव्हतं एवढंच. मला येत होतं."

 हॉफर पुढच्या बाकावर, मान ताठ. मला वाटलं, म्हातारी नातवाला वाचवायला बाता मारतेय असं म्हणतील. म्हणून मी म्हणाले, "ज्या बायकांनी त्या साली हे कापड घरात आणलं, आणि घरातलं मत गरुडाला पडलं, त्यांनी उभं राहावं. मी कुणाचं नाव घेणार नाही."

माझ्या शेजारी बाकाची कुरकुर झाली. वर्नाबाई उभ्या होत्या. चष्मा हातात, हनुवटी वर, तुम्ही पोरं गोंधळ घालायचात तेव्हा असायची तशी. मग ओपल उठली. नवऱ्यानं तिची बाही ओढली, तिनं सोडवून घेतली. मग मागून, कडेनं, गायकांच्या रांगेतून. अक्षरं येत नसली तरी मला कोंबड्या मोजता येतात. सतरा होत्या.

त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे नवरे छताकडे बघत होते. टोप्या मांडीवर. एकजण हळूच टोपीच्या आतलं अस्तर चाचपत होता.

तुला वाटेल, आता सगळं गोड झालं. तसं झालं नाही. मिसेस प्रॅथर मधेच उठून निघून गेल्या, माझ्या बाकाजवळून, न बघता. प्रॅथर दारात थांबला. चार वर्षांत बराच थकलाय. म्हणाला, "ऑर्फाबाई, मी त्या पोराला पायऱ्यांवर जे विचारलं, ते मला परत घेता येत नाही. हे तुम्ही चार वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मला ते विचारावं लागलं नसतं."

मी म्हणाले, "मतदानाच्या यंत्रावर तुमच्या नावाचा खटका मी ओढला होता."

"तुमच्या एकटीच्यानं भागलं नाही," म्हणाला, आणि टोपी घालून गेला. बरोबर बोलला. मला राग आला नाही. राग आला असता तर बरं वाटलं असतं.

हॉफरनं रविवार असूनही मिल उघडली. वर्नाबाईंना लेखणी दिली, मला खुर्ची. आधी मला म्हणाला, "तू मला चार वर्षं त्याच टोपलीतून अंडी दिलीस आणि तोंड बंद ठेवलंस. माझा एक चांगला कारकून गेला."  मग त्यानं वजन उचललं आणि पत्र काढलं. उद्या पहाटे तार जाईल, मागाहून पत्र. बाईंनी मला वाचून दाखवलं: डेल्मर शूमेक हा सचोटीचा माणूस आहे, त्याचे आकडे बरोबर होते, चूक समजण्यात झाली. शेवटी हॉफर म्हणाला, "त्याच्या आजीबद्दल त्यांनी विचारलेलं नाही, म्हणून ते लिहीत नाही."

आता तुझ्याकडे एक मागणं आहे. हे तुझ्यावर उपकार नाहीत, तुझंच तुला परत केलंय, तेव्हा नाही म्हणायला मोकळा आहेस. पण तू मला पत्र लिहिलंस तर ते माझ्याआधी बाई वाचतील. (मी नाइलाजानंच वाचीन. – व. टकेट) तुझा राग तिसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकायची मला हिंमत नाही. म्हणून मला वाचता येईल असं काही पाठव. कापडाचा तुकडा. तपकिरी आला तर मी समजेन की पत्रं बंद करायची. दुसरं काही आलं तर बघू.

काहीच आलं नाही तर तेही मला वाचता येतं. चार वर्षं तेच वाचतेय.

×

बीच फोर्क
शनिवार, २७ नोव्हेंबर १९५४

डेल्मर,

निवडणुकीत राजधानीत कोंबडा वर बसला. बाकावरचा प्रत्येक म्हातारा म्हणतो, मी सांगितलं होतं. मी मत द्यायला गेले, खटक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ओढला नाही. पडद्याबाहेरून कुणीतरी म्हणालं, "आजी, आत झोप लागली का?" मग ओढला. कोंबड्याचाच. त्याचा काय दोष.

कारखान्याचं हॉफरला आभाराचं पत्र आलं. तू तपासनीस झालास. वर्नाबाईंनी दोनदा वाचून दाखवलं, तिसऱ्यांदा मागायची मला लाज वाटली.

आणि काल पाकीट आलं. टोलेडोचा शिक्का टपालवाल्यानं सांगितला. बाई पायरीवरच होत्या. मी म्हणाले, "तुम्ही आत जाऊन पडदे सारखे करा." त्या गेल्या. मी खिळ्यानं पाकीट फोडलं. आत कागद नव्हता. एकच तुकडा. तपकिरी आहे का, हे बघायला मला आधी डोळे मिटावे लागले.

पिवळा. मऊ फ्लॅनेल, त्यावर बदकं.

मी बसले, आणि वाचलं. वाचायला अर्धा तास लागला. काय वाचलं ते सांगते, चुकलं तर सांग.

हे कापड पुरुषाच्या अंगाचं नाही, बाईच्याही नाही. पाळण्यातलं आहे. पाळणा तुझ्या घरात आहे. तीस-चाळीस वेळा तरी धुतलंय, आणि तुमच्याकडचं पाणी जड आहे, पिवळ्याचा रंग त्यानं खाल्लाय. एका बाजूला जुनी शिवण आहे. टाके डावीकडून पडलेत, म्हणजे शिवणारी डावखुरी आहे. घाई करते, शेवटची गाठ मारायचा कंटाळा करते, पण दोरा दुहेरी घेते. मला आवडली. एका कोपऱ्यात चावा आहे. वरचे दोन, खालचे दोन. चार दात म्हणजे दहा महिन्यांचं, फार तर अकरा. मुलगा की मुलगी ते पिवळ्यावरून कळत नाही. एवढं एक तू लपवलंस. तुझा हक्क आहे.

आणि उरलेल्या तीन बाजू ताज्या कापलेल्या, कात्रीनं, जाड हातानं. चारही बाजू चार बोटं अधिक शिवणीपुरतं. माझ्या गोधडीच्या चौकोनाचं हेच माप, डेल्मर. इतकं नेमकं माप कुणाला ठाऊक असणार? लहानपणी तापात पडलास की तू त्या चौकोनांवर बोटं ठेवून मोजायचास.

म्हणजे हा तुकडा ठेवून द्यायला पाठवलेला नाही, गोधडीत लावायला पाठवलाय. मी गोधडीच्या मध्यावर निळ्या फुलांच्या शेजारी जागा काढली आहे. निळा काढून टाकावा असंही मनात आलं होतं, पण त्याला तिथंच राहू दे. माझं केलेलं मला दिसत राहिलं पाहिजे.

गोधडी ईस्टरपर्यंत पुरी होईल. दहा महिन्यांच्या मुलाला ईस्टरपर्यंत पाय फुटतात, आणि टोलेडोहून बस इथं सकाळी येते. माझा अंदाज असा आहे की ती गोधडी टपालानं पाठवावी लागणार नाही.

पण माझ्या अंदाजांचं तू पाहिलंच आहेस. मला जे हवं असतं तेच मी वाचते. तेव्हाही तेच केलं.

बाईंनी कागद माझ्याकडे सरकवलाय आणि या अंदाजाखाली फुली मारायची जागा बोटानं दाखवलीय. मी लेखणी घेतली आणि ठेवून दिली. त्या दिवशी पायरीवर तू मला विचारलं होतंस. आज मी तुला विचारते, आणि तू शेंगेवरून नजर काढून माझ्याकडे बघून सांग.

सही करू?

तुझं उत्तर येईपर्यंत खालची जागा मोकळी ठेवून पत्र पाठवते आहे.